आठ कॅमेरे आणि एक काठी

१२ जानेवारी, सोमवार. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. कारखान्यात एकतीस वर्षं सिक्युरिटी ऑफिसर होतो, रोज रजिस्टर लिहायचो. रिटायर झाल्यापासून लिहायलाही हात शिवशिवतो आणि हाणायलाही. अपार्टमेंटचा सेक्रेटरी मी, त्यामुळे बंदोबस्तही माझाच. आठ कॅमेरे आहेत. पाच वर्षांपूर्वी मी स्वतः उभं राहून बसवून घेतले. त्यांतून बोलताही येतं. आपण वर घरात बसून मोबाइलमध्ये शिवी हासडायची, ती खाली गेटवरच्या कॅमेऱ्यातून थेट चोराच्या कानात. अजून चोर आलेला नाही. पेपरवाल्यावर प्रॅक्टिस केली आहे.

एकच कटकट. मोबाइलवर रोज लाल पट्टी येते. अपडेट उपलब्ध, सुरक्षेसाठी त्वरित इन्स्टॉल करा. सुरक्षा! मला शिकवणार! आज ती पट्टी बंद करताना अंगठा असा दाबला की मोबाइलच्या काचेला तडा गेला. तडा बारीक आहे.

संकल्प: २२ फेब्रुवारीला मधुवंतीचा साखरपुडा, आपल्याच गच्चीवर. एकुलती एक मुलगी. व्याही हातकणंगल्याचे, मोठी शेती, मोठा गोठा. त्या दिवशी बिल्डिंगमध्ये परवानगीशिवाय डास शिरता कामा नये. जाताना व्याह्यांनी म्हटलं पाहिजे, की बाप असावा तर असा.

१६ जानेवारी, शुक्रवार. सकाळी १०

गेटवर उभा होतो. कोणीतरी शीळ घातली. मग हिंदीत आवाज, की अंकल, पेट अंदर लो. आसपास फक्त वॉचमन आकाराम, पाठमोरा, डबा उघडून बसलेला. सरळ जाऊन कानाखाली दिली. तो म्हणाला, साहेब, म्या न्हाय, त्यो कॅमेरा बोलला की. कॅमेरा बोलतो म्हणे! दुसरी दिली. त्यानं डब्याचं झाकण फेकून मारलं. झाकण स्टीलचं. कपाळाला तीन टाके पडले. मला गरज वाटत नव्हती, डॉक्टर ऐकेनात.

साठीचा माणूस, मलकापूरहून इथं नोकरीला आला, आणि सेक्रेटरीवर झाकण उगारतो. तरी मोठ्या मनानं कामावर ठेवलं आहे. शिवाय या पगारात दुसरा मिळत नाही.

१९ जानेवारी, सोमवार

तपास पूर्ण. आवाज खरंच कॅमेऱ्यातून येतो, हे मी शोधून काढलं. आज पार्किंगमध्ये काठी फिरवण्याचा व्यायाम चालू होता. तीन नंबरचा कॅमेरा हसला आणि म्हणाला, लाठी अंकल, सीधी पकडो.

गुन्हेगार: दुसऱ्या मजल्यावरचा सम्राट, टायरचं दुकान. पुरावे असे. एक, त्याला सेक्रेटरी व्हायचं आहे. दोन, त्याच्या घरात दिवसभर हिंदी मालिका चालतात. तीन, तो स्वतः हिंदी कधीच बोलत नाही. म्हणजे ओळखू येऊ नये म्हणूनच हिंदी निवडली.

मधुवंती इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते, त्यामुळे तिला घरीही शिकवायची सवय लागली आहे. म्हणाली, बाबा, बाहेरचं कोणीतरी सिस्टीममध्ये घुसलंय, तेवढा अपडेट करा. मी सांगितलं, बाहेरचं कोणी घुसायला गेटवर मी काय मेलोय का.

२१ जानेवारी, बुधवार. दुपारी ३

सम्राटला पार्किंगमध्ये गाठलं. हाणामारी झाली. मी जिंकलो.

तपशील: पहिल्या मिनिटाला त्याची मान माझ्या काखेत. दुसऱ्या मिनिटाला माझी मान त्याच्या काखेत, पण ती मी मुद्दाम दिली होती. तिसऱ्या मिनिटाला पुन्हा त्याची मान माझ्याकडे. तेवढ्यात वरून कॅमेरा ओरडला, अंकल, लेफ्ट! लेफ्ट मारो! सम्राटचं तोंड त्या वेळी माझ्या बरगडीवर दाबलेलं, त्याला श्वास घेता येत नव्हता, बोलणं लांबच. बघा माणूस किती पोचलेला आहे. आधीच रेकॉर्ड करून ठेवलं होतं.

लेफ्ट मारला. सम्राटच्या नाकातून रक्त, माझ्या डाव्या हाताची दोन बोटं सुजून केळ्याएवढी. तो म्हणत होता, काका, डोस्कं फिरलंय काय तुमचं, म्या कवा बोललो, त्यो वरचा डबा बोलतोय की. वर बोट दाखवून लक्ष विचलित करायचा प्रयत्न होता. मी फसलो नाही.

शेकायला गरम पाण्याची पिशवी देताना प्रमोदिनी म्हणाली, की जिंकलेला माणूस एवढा कण्हत नाही. संसाराला चौतीस वर्षं झाली, पण तिला डावपेच कळत नाहीत.

२५ जानेवारी, रविवार. संध्याकाळी ५.३०

उन्मेष चहाला आला होता. होणारा जावई. कंपन्यांचे कॉम्प्युटर सुरक्षित ठेवायचं काम करतो. म्हणजे आमचीच लाइन, फक्त युनिफॉर्म नाही आणि खांदे उतरलेले. त्यानं अदबीनं सांगितलं, की काका, या कॅमेऱ्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये एक भगदाड आहे, चार वर्षं सगळ्या जगाला ठाऊक आहे. जगातल्या कुठल्याही कोपऱ्यातला रिकामटेकडा त्यातून आत येतो, बघतो, बोलतो, रेकॉर्डिंगही उचलून नेतो. कंपनीनं तेव्हाच अपडेट काढून ते बुजवलंय. चार मिनिटांचं काम आहे. आणि पासवर्ड काय ठेवलाय?

पासवर्ड मी सांगितला नाही. १२३४५६ आहे. कोणाला वाटेल एवढा सोपा कोण ठेवेल, तिथंच तर मेख आहे.

मग त्याला अर्धा तास समजावलं. कारखान्याच्या गेटवर एकतीस वर्षांत मी स्वतःला एकदाही अपडेट केलं नाही, एक पोतं बाहेर गेलं नाही. अपडेट म्हणजे काय? कंपनीचा अनोळखी माणूस आपण होऊन घरात घ्यायचा आणि वर म्हणायचं, ये, माझं कुलूप बदल. त्यानं चहा संपवून कप खाली ठेवला. पटलेलं दिसलं. मधुवंती मात्र मध्येच उठून आत गेली, दार आपटून.

निर्णय: कॅमेऱ्यांच्या सगळ्या वायरी ज्या डब्यात जातात तो डबा आज सोसायटीच्या ऑफिसातल्या, सात नंबरच्या कॅमेऱ्यासमोरच्या लोखंडी कपाटात घातला. कुलूप सात लिव्हरचं. किल्ली करदोट्याला बांधली. आता या कुठून यायचं ते.

२७ जानेवारी, मंगळवार

आवाज चालूच. आज म्हणाला, अंकल, कपाट अच्छा है. सम्राटनं कपाट कधी बघितलं?

१ फेब्रुवारी, रविवार

आज आरपार. सकाळी तीन नंबरनं प्रमोदिनीसमोर मला लाठी अंकल म्हटलं आणि ती हसली. एका काठीत तीन नंबर खाली. काचा, प्लास्टिक, वायर, सगळं पायानं चेचलं. तर चार नंबर बोलायला लागला. चार फोडला. पाच बोलला. पाच फोडायला स्टुलावर चढलो, स्टूल डगमगलं, पण पडता पडता फोडला. कंबरेत उसण भरली आहे. सहा नंबर स्वतःहून बोलला नव्हता, तो सावधगिरी म्हणून फोडला.

आठातले चार संपले. शत्रूचं बळ निम्म्यावर आणलं.

बिल्डिंगची मीटिंग बोलवा म्हणून सगळे दारात. नाकाला पट्टी लावलेला सम्राट म्हणाला, कॅमेरं चोरानं न्हाय, सेक्रेटरीनं फोडल्यात, हे कुठं लिवायचं? मी सांगितलं, बंदोबस्ताचं विधिमंडळ करू नका. दार लावून घेतलं. त्यात कोणाचं तरी बोट सापडलं.

८ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १.४५

मोठं यश. पकडला!

जेवून सगळी बिल्डिंग आडवी झाली होती. मी जागा. मोबाइलवर गेटचा कॅमेरा लावला तर समोर अख्ख्या स्क्रीनभर एक चेहरा. तोंडाला रुमाल, डोक्यावर टोपी. इसम शिडीवर चढून कॅमेऱ्याशी खटपट करतोय. काठी घेतली, तीन मजले अनवाणी उतरलो. आवाज दिला नाही, आवाज दिला की चोर पळतो. पहिला फटका पोटरीवर. दुसरा शिडीला. इसम सिमेंटवर आपटला, कटकन आवाज आला. तिसरा खांद्यावर. कॅमेरा ओरडत होता, एक और, अंकल, एक और! चौथा घातला.

रुमाल सुटला.

उन्मेष होता.

संध्याकाळी ७

उजवा हात दोन ठिकाणी मोडला आहे. गळ्याखालचं हाड वेगळं. मधुवंतीनं सांगितलं, ओरडून नाही, अगदी हळू. मी पासवर्ड देत नाही, डबा कपाटात, किल्ली माझ्या कंबरेला, म्हणून तिनंच त्याला बोलावलं होतं. मेमरी कार्ड घालून एकेक कॅमेरा वेगळा अपडेट करायचा. मी झोपलेला असताना. साखरपुड्याआधी, माझ्या डोळ्यांदेखत माझा अपमान न होता. रुमाल धुळीसाठी होता.

माझं म्हणणं असं, की आगाऊ सूचना द्यायला हवी होती. हे मी तिला बोललो नाही. इथं लिहितो.

९ फेब्रुवारी, सोमवार

दवाखान्यात जाऊन आलो. उन्मेषनं डॉक्टरांना आणि घरी सांगितलं आहे, की शिडीवरून पाय घसरला. म्हणजे त्याची चूक त्याला पटलेली दिसते. पोरगा समंजस आहे. मी त्याला म्हटलं, पुढच्या वेळी शिडी भिंतीला नीट टेकवत जा. तो हसला. हसताना त्याला दुखलं.

व्याही अप्पा शेजारीच बसून होते. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, घाबरू नगा पावणं, हाड हाय, जुळंल. साखरपुडा ठरल्या दिवशीच, हात गळ्यात बांधून. परत येताना उसाचा रस प्यालो. सगळं आटोक्यात आहे.

११ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ११

आटोक्यात नाही.

क्लिप आली आहे. गेटच्या कॅमेऱ्यातली, रंगीत, आवाजासकट. उन्मेषचं पडणं, माझे चार फटके, तो हिंदी आवाज, आणि खाली अक्षरं, लाठी अंकल. त्या आवाजवाल्यानंच टाकली. कोण आहे, कुठला आहे, ठाण्यावर फोन लावला तर पोलिसांनाही सांगता येत नाही. इतकंच सांगितलं, की सम्राट नाही.

पहिला फोन बिद्रीहून, माझ्या धाकट्या भावाचा. मग कारखान्यातल्या जुन्या शिपायाचा. तो फक्त हसला आणि ठेवला. तिकडं हातकणंगल्यात सकाळच्या दुधाला अख्खं गाव डेअरीवर जमतं, तिथं अप्पांना कोणीतरी मोबाइल दाखवला. चौथ्या फटक्याला त्यांनी तो हातातून खाली टाकला म्हणे.

दुपारी २

अप्पा येऊन गेले. बसले नाहीत, पाणी घेतलं नाही. पायरीवरूनच म्हणाले, पोरगी सोन्यासारखी हाय, ती आमची झालीच. साखरपुडा आमच्या दारात. पोरीच्या मामाला बसवा पाटावर. तुमी मातूर यायचं न्हाय. पैला फटका चुकून असंल, पावणं, मानतो. चौथ्याला पोरगं खाली पडून वरडत हुतं, मी उन्मेष म्हणून. ऐकू आलं न्हाय व्हय?

मला वाटलं मधुवंती काहीतरी बोलेल. ती माझ्या पायांकडे बघत उभी होती.

ऐकू आलं होतं. मला वाटलं होतं, चोर उन्मेषचं नाव लावतोय.

१४ फेब्रुवारी, शनिवार

करदोट्याची किल्ली सोडून मधुवंतीच्या हातात दिली. तिनं कपाट उघडलं, डब्याचा फोटो काढला, व्हिडिओ कॉलवर उन्मेष. तो दवाखान्यातल्या कॉटवरून डाव्या हातानं सांगत होता, मधुवंती इथं बटणं दाबत होती. मी भिंतीवरच्या घड्याळात बघत होतो. चार मिनिटं लागली नाहीत. तीन मिनिटं चाळीस सेकंद.

नवा पासवर्ड घातल्याशिवाय पुढं जात नाही म्हणे. तो तिनं घातला. बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये एकमतानं ठरलं, की तो मला द्यायचा नाही. हात वर करणाऱ्यांत प्रमोदिनी होती. सम्राटनं हात वर केला नाही, तो नुसता माझ्याकडे बघून बाहेर गेला. त्याचं नाक अजून वाकडं दिसतं.

आकारामला सॉरी म्हणालो. तो म्हणाला, र्‍हाऊ द्या साहेब, हात कुणाचा बी आसू, लागतंच.

२२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी दोन ट्रॅव्हलर भरून सगळे गेले. सम्राटही. मामा माझा कोट घालून गेला, त्याला लांब होतो. मधुवंतीनं मोरपंखी साडी नेसली होती. गाडीत बसण्याआधी परत आली, वाकून पाया पडली आणि म्हणाली, बाबा, जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय. आकारामला सुट्टी दिली. कोणीतरी थांबायलाच हवं. एवढी मोठी बिल्डिंग उघडी टाकून कसं चालेल.

मुहूर्त १२.४० चा. १२.३५ ला गेटवर जाऊन कॅमेऱ्यासमोर उभा राहिलो. काठी घेतली नव्हती. हळूच विचारलं, काय रे, आहेस का? उत्तर नाही. मग हिंदीत विचारलं. शीळ घालून बघितली. गेले दहा दिवस घरात, जिन्यात, दुकानात कोणी माझ्याशी धड बोललेलं नाही. तो निदान बोलायचा. शेवटी मोठ्यानं सांगितलं, ऐक, आज माझ्या पोरीचा साखरपुडा आहे. हिरवा दिवा तसाच, न मिचकता. अपडेट पक्का बसला आहे. आत आता कोणी येऊ शकत नाही.

१२.४० ते ४.००: कोणी आलं नाही, कोणी गेलं नाही. मध्ये थोडा वेळ रडलो. ते कॅमेऱ्यात आलं असणार, पण बघायचा पासवर्ड माझ्याकडे नाही.