भरलेला डबा

४ नोव्हेंबर

बोलणार नाही म्हणजे नाही! खानावळीच्या आचाऱ्यानं आज अख्खी टोपली परत पाठवली, वर चिठ्ठी — ‘यात मेलेले शिंपले आहेत, वास मारतोय.’ सासूबाईंनी विचारलं, निवडले कुणी? थोरल्या जावेनं सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. निवडायला दोघी होतो! मीही म्हटलं, ‘नाक तुम्हालाही आहे ना, ताई?’ झालं! ‘यापुढे माझ्याशी एक शब्द बोलायचा नाही.’ — ‘नाही बोलत!’

(तोंडावर ताई आणि तुम्ही. इथे नुसती थोरली.)

५ नोव्हेंबर

अबोला सुरू. पण ओहोटीला खडकावर जावंच लागतं, आणि तेही दोघींनी. एकीनं समुद्राकडे पाठ करून वाकायचं, छिन्नीनं शिंपले सोडवायचे. दुसरीनं समुद्रावर नजर ठेवून उभं राहायचं आणि मोठी लाट दिसली की ओरडायचं — ‘वर!’ थोरलीचा हात चपळ, म्हणून वाकते ती. बघते मी.

आता ‘वर’ म्हणणं हे बोलणं धरायचं की नाही? सकाळभर याचाच घोळ. शेवटी सासूबाईंच्या मार्फत ठरलं, मी पत्र्याचा डबा वाजवायचा. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. ‘दोघींची अक्कलही त्याच डब्यात ठेवा,’ म्हणाल्या.

७ नोव्हेंबर

डबा तीनदा वाजवला. तिन्ही वेळा वर आली. माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

१२ नोव्हेंबर

ओहोटी लहान, खडक पाण्याखाली. दोघी दिवसभर एकाच स्वयंपाकघरात! मीठ कुठे ठेवलंय, हे थोरलीनं मांजराला विचारलं. मीही मांजरालाच सांगितलं. हसू फुटत होतं, दाबलं. तिलाही फुटत असावं, तोंड फिरवलं तिनं. तेव्हाच बोलून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं? पण दर वेळी मीच का?

२० नोव्हेंबर

लिहायलाच हवं, सांगायला कुणी नाही.

आज शिंपले भरपूर. टोपली भरली, म्हणून निवडलेले शिंपले मी डब्यात टाकत गेले. काठोकाठ! डोक्यातच आलं नाही. मग ती लाट. लांबूनच दिसली, उंच, सरळ आमच्या खडकाकडे. डब्यावर दगड हाणला — ठक्! भरलेला डबा कसला वाजतोय! थोरली वाकलेलीच.

मी तोंड उघडलं. आणि मनात आलं, आधी मी बोलले तर मी हरले. खरंच हेच आलं मनात! एक श्वास. फार तर दोन. मग ओरडले.

ती वळेपर्यंत पाणी कमरेवर. आपटली खडकावर. केस, दंड, हाताला येईल ते धरून ओढलं तिला. तिचं उजवं मनगट मोडलंय.

२१ नोव्हेंबर

सगळे माझं कौतुक करताहेत! थोरले दीर, एरवी चार शब्द बोलतील तर शपथ, आज डोळे पुसत म्हणाले, ‘तू होतीस म्हणून ही घरी आली.’ सासूबाईंनी पाठीवरून हात फिरवला. मी मान खाली घालून उभी. थोरली प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन भिंतीकडे बघत होती.

२२ नोव्हेंबर

सासूबाईंनी कौतुकानं वाढलेला माशाचा तुकडा मांजराला घातला.

२६ नोव्हेंबर

तिची वेणी मीच घालते, न बोलता. आज धीर करून म्हटलं, ‘ताई, त्या दिवशी...’ ती उठूनच गेली. अर्धी वेणी तशीच पाठीवर. तिला कळलंय का? कसं कळेल! पाठ होती तिची. आणि लाटेचा केवढा आवाज.

३ डिसेंबर

उद्या मोठी ओहोटी. तिला छिन्नी धरवत नाही, तेव्हा सासूबाईंनी ठरवलं — धाकटीनं वाकायचं, थोरलीनं बघायचं. थोरलीनं लगेच मान डोलावली. डबा नेणार ना, असं त्यांनी विचारलं. नको, अशी तिनं मान हलवली. मग मला सांगणार कसं? सांगणार आहे ना? कोणापुढे म्हणता येत नाही, इथे म्हणते. मला तिची भीती वाटते.

४ डिसेंबर

दीड तास समुद्राकडे पाठ करून वाकले. एकदाही मागे पाहिलं नाही, पाहायचं नाही असं ठरवूनच गेले होते. आणि — ‘वर!’ तिचा आवाज! छिन्नी टाकली, धावले, गुडघे फुटले, तिच्या पायांशी जाऊन पडले. वळून पाहिलं. पाणी शांत.

‘लाट कुठाय, ताई?’

‘लाट नाही,’ ती म्हणाली. ‘एक हाक मारायला किती वेळ लागतो, ते बघितलं.’

मी छिन्नी शोधून आणली. पुन्हा वाकले.