एकशे अठ्ठ्याहत्तर अंश

सिस्टर, तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून हे मुद्दाम मराठीत लिहिते आहे. शाळेच्या आवारात तोंडून एक मराठी शब्द निघाला की तुम्ही मला भिंतीकडे तोंड करून उभं करायचात. त्या भिंतीचे पोपडे मला अजून आठवतात. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्यावर रागावणंसुद्धा हास्यास्पद आहे. मी स्वतः बेलापूरच्या सरकारी कचेरीतून निवृत्त झाले त्यालाही बराच काळ लोटला, गुडघे कुरकुरायला लागले, आणि तरी गेले काही महिने मी रोज सकाळी तुमच्याशी भांडते आहे. त्याला कारण माझी नात. आज ती आलेली नाही, बापाबरोबर दातांच्या डॉक्टरकडे गेली आहे. घर इतकं गप्प आहे की मी दोनदा चहा केला, दोनदा तो सिंकमध्ये ओतला आणि शेवटी कागद ओढून बसले.

नात अकरा वर्षांची आहे आणि शाळेत जात नाही. दोन वर्षांपूर्वी गणिताच्या तासाआधी तिच्या पोटात दुखायला लागायचं. पुढे पुढे ती बसमध्येच उलटी करायला लागली. डॉक्टरांना काही सापडलं नाही. मग माझ्या मुलीने आणि जावयाने तिचं नाव शाळेतून काढलं. होमस्कूलिंग! हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पोटात दुखतं म्हणून कोणी शाळा सोडतं का? मग आमच्या पिढीतली एकही मुलगी चौथीच्या पुढे गेली नसती. मी मुलीला म्हटलं, "आम्ही नाही का शिकलो? आमच्या नन्स काय लाडू भरवायच्या?" मुलगी माझीच आहे, जिभेला धार तीच. म्हणाली, "आई, तू अजून कंपासपेटी बघितलीस की ओठ आवळतेस. आरशात बघ एकदा." मी बघितलं नाही.

आता त्यांनी ठरवलं आहे की येत्या जूनपासून तिला परत शाळेत घालायचं. खारघरला त्यांच्या इमारतीपासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर एक शाळा आहे. तिथे प्रवेशाआधी एक परीक्षा घेतात. बाकी विषयांत पोरगी माझ्याही पुढे आहे. अपूर्णांक येतात, दशांश येतात. अडलं ते भूमितीपाशी. भूमिती झाल्याशिवाय पुढचं पुस्तक उघडायचं नाही, त्यात बीजगणिताची तयारी आहे, आणि परीक्षेत दोन्ही येणार. मुलीचं ऑफिस माझ्या घराजवळच आहे. ती मेट्रोने येताना लेकीला माझ्याकडे सोडते. "आई, तू शिकव. ती तयार झाली की मला सांग. तू हो म्हटलंस की मी परीक्षेची तारीख घेते." म्हणजे अधिकार माझा. नोकरीत एवढ्या बढत्या घेतल्या, पण एवढं सुख कुठल्याच कागदाने दिलं नव्हतं. ज्या होमस्कूलिंगवर मी दोन वर्षं तोंडसुख घेतलं, ते माझ्याच हाताने संपणार होतं. मी म्हटलं, "दोन आठवड्यांत तयार करते."

दोन आठवडे! पहिल्याच दिवशी तिने त्रिकोण काढला, कोनमापक ठेवून तिन्ही कोन मोजले आणि बेरीज लिहिली, एकशे अठ्ठ्याहत्तर अंश.

"परत मोज," मी म्हटलं. परत एकशे अठ्ठ्याहत्तर. "अगं, त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज एकशे ऐंशीच असते. लिही एकशे ऐंशी."

"पण आजी, हे एकशे ऐंशी नाहीयेत."

"असतात."

"असतात ना, बट ह्याचे नाहीयेत. मी मोजले. मी खोटं कसं लिहू?"

तेव्हा, सिस्टर, माझ्या तोंडून तुम्ही बोललात. "त्रिकोण खोटं बोलत नाही. तू बोलतेस." मला त्याच क्षणी ते वाक्य परत गिळायचं होतं, पण जीभ चालून गेली होती. नातीने हात पोटावर ठेवला आणि म्हणाली, "बाथरूमला जाऊन येते." मी बंद दाराबाहेर उभी राहिले. "झालं का गं बाळा?" "येते आजी." आवाज अगदी सभ्य होता. दोन वर्षं मी ज्या पोटदुखीला नखरे म्हणत होते, ती माझ्या जेवणाच्या टेबलावर, माझ्या एका वाक्याने, पाच मिनिटांत परत आली होती.

ते वाक्य तुम्ही मला पाचवीत म्हणालात. फळ्याशेजारी उभी आहे मी, हातात लाकडी कोनमापक, फळ्यावरच्या त्रिकोणाची माझी बेरीज एकशे शहात्तर, आणि मागे सगळा वर्ग दबक्या आवाजात हसतो आहे. तुमच्या इंग्रजीत ते वाक्य आणखी धारदार होतं. घंटा होईपर्यंत तुम्ही माझ्याकडून मोजून घेतलंत. त्यानंतर मी काय करायला लागले माहीत आहे? दोन कोन मोजायची आणि तिसरा बसवायची. दर वेळी बरोबर एकशे ऐंशी. तुम्ही लाल शाईने खूण करायचात, एकदा तर वर्गाला माझी वही दाखवलीत. असं का असतं हे मला शाळा सुटेपर्यंत कळलं नाही आणि तुम्ही कधी विचारलंही नाहीत. भूमिती म्हणजे सिस्टर चिडू नयेत यासाठी लिहायचा आकडा, एवढंच मी शिकले.

पण माझा खरा राग ह्यावर नाही. नाताळाच्या आधीची एक दुपार आहे. मला कुणीतरी हजेरीचं पुस्तक घेऊन कॉन्व्हेंटच्या मागच्या स्वयंपाकघरात पाठवलं. आम्हा मुलींना तिकडे जायची मनाई होती. दार ढकलते तर तुम्ही. बाह्या कोपरापर्यंत वर, चष्म्याच्या काचेवर पीठ, काट्याच्या पाठीवर नाताळचे कुलकुल, ते शिंपल्यासारखे गोड तळणीचे तुकडे, वळता आहात आणि तुमच्या गावच्या भाषेत दुसऱ्या सिस्टरला काहीतरी सांगून खदाखदा हसता आहात. मी दारातच थिजले. मला वाटलं, ह्या कोणीतरी दुसऱ्याच. तुम्ही मला जवळ बोलावलंत, पिठाची एक गोळी माझ्या हातात दिलीत आणि काटा पुढे केलात. माझा कुलकुल वाकडा झाला. तुम्ही तो बघितलात, म्हणालात, "तेलात गेला की कोण बघतंय?" आणि निघताना माझ्या मुठीत मावतील तेवढे गरम कुलकुल भरलेत. दुसऱ्या दिवशी वर्गात तुम्ही पुन्हा तुम्हीच होतात. सिस्टर, मला फक्त एवढं विचारायचं आहे. तो चेहरा तुमच्याकडे होता. होता ना? मग तो वर्गाच्या दारात कोणासाठी काढून ठेवत होतात?

असो. नातीकडे येते. त्या दिवसानंतर मी पट्टी, कोनमापक सगळं कपाटात टाकलं. तिच्या आईने दिलेले व्हिडिओ लावले. त्यात एक उत्साही माणूस टूथपेस्ट विकावी तशी भूमिती विकतो. कागदाचा त्रिकोण कापून त्याचे तीन कोपरे फाडून शेजारी शेजारी लावले, सरळ रेष झाली. मी मोठ्या आशेने तिच्याकडे बघितलं. "आजी, हा एक त्रिकोण झाला. बाकीच्यांचं काय?" मी म्हटलं, "बाकीच्यांचंही तसंच." "कुणी फाडून बघितले?" मी ज्या कचेरीत जन्म काढला तिथे 'साहेबांनी सांगितलं' हे पुरेसं कारण होतं. हिला ते पुरत नाही. दोन आठवडे कधीच संपले होते. मुलगी रोज संध्याकाळी दारातून विचारायची, "झाली का तयारी?" आणि मी चिडून म्हणायचे, "झाली की सांगेन."

आमच्या सेक्टरमध्ये तीन रस्त्यांच्या मध्ये एक त्रिकोणी बाग आहे. बाग कसली, कठडा, चार बाकं, पलीकडे दिसणारा डोंगर आणि सोसायटीवाल्यांची भांडणं. एका सकाळी अभ्यास जमेना म्हणून मी तिला तिथे नेलं. मी बाकावर बसले, ती कठड्याच्या कडेकडेने चालायला लागली. आमच्या इमारतीतली एक बाई चालता चालता थांबली.

"काकू, आज हिला सुट्टी?"

"नाही. हिची शाळा माझ्याकडे असते."

"अय्या! का हो, शाळेने डोनेशन जास्त मागितलं का?"

"नाही. माझी फी त्यांच्यापेक्षा जास्त आहे."

बाई कानात वायरी घालून निघून गेली. तेवढ्यात नात एक फेरी मारून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. कपाळाला आठ्या.

"आजी, मी निघाले तेव्हा डोंगर समोर होता. आता पण डोंगर समोर आहे."

"मग? डोंगर कुठे जाणार?"

"तसं नाही गं. मी तीन कोपऱ्यांवर वळले ना. म्हणजे वळत वळत मी स्वतःभोवती एक आख्खी गिरकी मारली. हो ना?"

मी हो म्हटलं, कारण ते खरं होतं आणि मला आयुष्यात कोणी सांगितलेलं नव्हतं. ती बाकाच्या धुळीत बोटाने रेघा ओढायला लागली. कोपऱ्यावर आपण वळलो नाही तर सरळ रस्त्यावर जाऊ. म्हणजे आतला कोन आणि आपलं वळणं मिळून एक सरळ रेष. तीन कोपरे, तीन सरळ रेषा. वळण्यात गेली एक गिरकी, आणि एक गिरकी म्हणजे दोन सरळ रेषा. "तीनातून दोन गेल्या. आत उरली एक, म्हणजे एकशे ऐंशी!" ती ओरडली. मग हळूच म्हणाली, "सगळ्यांचंच असं होणार, आजी. त्रिकोण इथून पार करंजाडे गावापर्यंत मोठा काढला तरी. फाडायलाच नको."

"हो."

"मग माझे एकशे अठ्ठ्याहत्तर?"

"तुझी पेन्सिल जाड आहे आणि माझं कोनमापक झिजलेलं आहे."

"म्हणजे मी खोटं नव्हते बोलत."

"नाही गं राणी. तू जे दिसलं ते लिहिलंस. खोटं मी लिहायला सांगत होते." एवढं बोलायला, सिस्टर, कितीसा वेळ लागतो? मी मनात मोजलं. तुमचा अर्धा तासही वाया गेला नसता.

त्यानंतर ती सुटलीच. दोन कोन दिले की तिसरा न मोजता सांगायची. अजून न सापडलेल्या कोनाच्या जागी छोटा चौकोन काढायची, त्याला 'लपलेला' म्हणायची. मी पुढचं पुस्तक उघडलं तर तिथे तेच, फक्त चौकोनाऐवजी अक्षर. ते तिला आधीच येत होतं. मध्ये मुलगी आम्हाला खारघरची ती शाळा दाखवायला घेऊन गेली. मी दोष काढायला डोळ्यांत तेल घालून गेले होते. गणिताची बाई तरुण होती, गुडघे टेकून एका पोरीच्या बुटाची नाडी बांधत होती. मला एकही वाकडा शब्द सापडला नाही. नातीने खिडकीतून मैदान बघितलं आणि परत येताना मेट्रोत माझ्या खांद्याला डोकं लावून म्हणाली, "आजी, तिथे मुली थ्रोबॉल खेळतात. माझं पोट नाही दुखलं बघ." मी म्हटलं, "छान." आणि बाहेर बघत बसले.

ह्या गोष्टीला तीन आठवडे झाले. आता हे पत्र तुम्हाला पाठवायचं कसं, हा प्रश्नच नाही, कॉन्व्हेंटच्या मागच्या थडग्यांवर पोस्टमन जात नाही. म्हणून लिहून टाकते. परवा मुलगी दारात उभी होती, खांद्यावर पर्स, चपला न काढता. "आई, शाळेतून फोन आला होता. ह्याच महिन्याची तारीख देतायत. घेऊ?" नात आत बूट घालत होती. मी म्हटलं, "एवढ्यात नको. भूमिती अजून कच्ची आहे." बुटाची नाडी बांधता बांधता नातीने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. बोलली काही नाही. तिच्या आईसमोर मला खोटं पाडावं असं तिला वाटलं नसेल, किंवा वाटलं असेल. लिफ्टचं दार मिटलं. आज दाताचं निमित्त आहे, उद्या ती सकाळी येईल, दप्तर टेबलावर टाकेल आणि विचारेल, आजी, आज काय शिकायचंय? माझ्याकडे शिकवायला काहीच उरलेलं नाही, सिस्टर. तिला सगळं येतं. मुलीला मी अजून सांगितलेलं नाही.