सुई नसलेला धागा

मंगळवार, १४ मार्च १९७८
महानगर, लखनौ

चिकनकारीच्या दुकानासाठी केलेलं बोधचिन्ह आज शेठजींना दाखवलं. एक सुई आणि तिच्यातून निघालेला वळणदार धागा. "वाह, क्या नफ़ासत है!" म्हणाले. चहा झाला, पान झालं. मग हळूच, "बस, ये सुई हटा दीजिए. चुभती है."

सुईच काढली तर उरतं काय? पण इथे कुणी तोंडावर नाही म्हणतच नाही, मग भांडायचं तरी कुणाशी? मीही "जी, बेहतर" म्हणून उठलो. लेटरहेड, पाकिटं, सगळं उद्या छापायला जायचंय.

घरी येऊन पांढऱ्या रंगाने सुई बुजवली आणि कागद बायकोपुढे धरला. तिने कौतुकाने पाहिलं.

"छान आहे हो. पण कपड्यांच्या दुकानाला गांडूळ कशाला?"