मागची खोली आणि दुसरे दार

मी, खाली सही करणारी, वय एकोणतीस, माध्यमिक शाळेत विज्ञानाची शिक्षिका, अविवाहित, आज गुरुवारी पूर्ण शुद्धीत आणि चष्मा लावून हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. म्हणजे दादाचा आहे, पण मी त्याला बधलेली नाही. येत्या सोमवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "काळजीचं काही कारण नाही," आणि त्याच दमात त्यांनी विचारले, "घरी कोण कोण असतं?" तेव्हापासून मला त्यांचा संशय येतो. म्हणून ही तजवीज.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. त्यामुळे घरातले सगळे अर्ज, विनंत्या आणि तक्रारी मीच लिहीत आले. हेही मीच लिहिले आहे. वकिलांनी फक्त कच्चा कागद नजरेखालून घातला आहे.

कलम १. माझे डोळे आणि आणखी जे काही कोणाच्या उपयोगी पडेल ते दान करावे. हृदय कोणाला देऊ नये, ते बिघडलेले आहे.

कलम २. माझी सर्व पुस्तके शाळेला. अट एकच: त्या कपाटाला कुलूप लावायचे नाही. मुख्याध्यापक "हो, हो" म्हणतील आणि आठवड्यात कुलूप लावतील. म्हणून आईने महिन्याभराने, आधी न कळवता, शाळेत जाऊन पाहून यावे.

कलम ३. माझे पदवीचे प्रमाणपत्र, चौकटीसह, माझ्या मोठ्या भावाला. मी कॉलेजात नाव घातले तेव्हा दादा म्हणाला होता, "शिकून काय दिवे लावणार आहेस?" हे प्रमाणपत्र त्याने आपल्या बैठकीत टीव्हीच्या वर लावावे. हे सूड म्हणून नाही. त्याची मुलगी आता तिसरीत आहे, तिच्या नजरेला ते रोज पडावे. थोडेसे सूड म्हणूनही.

कलम ४. बाबा शिलाई मशिनी दुरुस्त करत. त्यांची हत्यारे, तेलाच्या कुप्या आणि सुट्या भागांचे डबे शाळेच्या कार्यशाळेला द्यावेत. दादाला देऊ नयेत, तो भंगारात घालेल. बाबांनी दुकान माझ्या नावे केले हे त्याने अजून गिळलेले नाही. मी ते रविवारी उघडते आणि बाबांनी शिकवले तेवढे काम करते.

कलम ५. दुकान आणि त्यामागची खोली आईला. हे कलम काल दुपारपर्यंत वेगळे होते. का बदलले ते इथे सविस्तर लिहिते, नाहीतर दादा कोर्टात जाऊन सांगेल की माझे डोके ठिकाणावर नव्हते.

मागच्या खोलीच्या भिंतीपलीकडे एक नाइटक्लब आहे. त्याचे तोंड पलीकडच्या रस्त्याला. मी तिथे शनिवारी संध्याकाळी नाचायला जाते. आठवडाभर मुलांना "हलू नका" सांगितल्यावर एक दिवस स्वतः हलावेसे वाटते. मी एकटी नाचत नाही. भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या भिडस्त मंडळींना हाताला धरून मधे आणते. तिसऱ्या शनिवारी क्लबचे मालक माझ्यासमोर येऊन उभे राहिले. रुंद खांदे, कपाळावर कायमची आठी.

"हे काय शाळेचं स्नेहसंमेलन आहे?"

"नाही. स्नेहसंमेलनाला निदान दोन दारं असतात," मी म्हणाले. "इथे दोनशे माणसं आणि बाहेर पडायला दार एकच. मोजलंय मी."

"कोणी पाठवलंय तुम्हाला?"

"कोणी नाही."

"पाठवल्याशिवाय कोणी दारं मोजत नाही, बाई."

त्या दिवसापासून ते माझ्यावर नजर ठेवू लागले आणि मी त्यांच्यावर. क्लबच्या दाराशी लोकांचे सामान सांभाळणाऱ्या मावशींनी माझी समजूत घातली, "तुम्ही नका मनावर घेऊ. आमचे मालक हसले तर समजायचं, दाढ दुखतेय."

दोन महिन्यांनी क्लबला नगरपालिकेची नोटीस आली: वर्षभरात दुसरे दार काढा, नाहीतर परवाना रद्द. दार काढायला जागा दोनच होत्या. एक आमची मागची खोली. दुसरी मालकांची स्वतःची राहती खोली, जिथे त्यांच्या आईने अंथरुणावर शेवटची वर्षे काढली. त्या खोलीचा विषय त्यांच्यापुढे कोणी काढत नसे. म्हणजे उरली आमची.

नोटीस आल्यानंतर पाचव्या दिवशी, रविवारी, मालक हातगाडीवरून आपल्या आईचे जुने शिलाई मशीन घेऊन दुकानात हजर.

"पावती हवी," ते म्हणाले. "हाताने लिहून. काय बिघडलंय ते नीट लिहा. दोन-चार ओळी तरी लिहा."

पावतीवर इतका जीव असलेले गिऱ्हाईक मी तोवर पाहिले नव्हते. महिन्याभराने तेच मशीन परत आले, पट्टा तुटला म्हणून. चामड्याचा पट्टा झिजून तुटला की त्याच्या तोंडाला दशा निघतात. हा सुरीने कापल्यासारखा सरळ होता. पुढच्या महिन्यात पुन्हा तसाच. या वेळी त्यांच्या खिशातून मोजपट्टी डोकावत होती, आणि मी पट्टा ओवत असताना ते मागच्या भिंतीकडे पाहत होते. तोवर ते मला "मास्तरीणबाई" म्हणू लागले होते. पुढे तेही गेले आणि कधीतरी "तू" आले. नक्की कधी ते मी लिहून ठेवले नाही, ही माझी चूक.

दादा म्हणाला, "अगं, त्याला तुझी भिंत हवीय. भिंतीबरोबर तू फुकट येतेस, तर घेतोय."

आई म्हणाली, "तोंडाने कडू आहे माणूस. पण पाय पुसून आत येतो."

मी दादाचे ऐकले नाही आणि आईचेही नाही. मी पुरावा गोळा करत राहिले, आणि पुरावा काही केल्या एका बाजूला पडेना. एका शनिवारी क्लबमध्ये खांबाजवळ एक उंच स्टूल येऊन बसले. तेव्हा मला नाचताना दम लागू लागला होता, पण ते मी आईलासुद्धा सांगितले नव्हते. मावशी हळूच म्हणाल्या, "दुसरं कोणी बसलं ना, की मालक उठवतात." हे ऐकून बरे वाटायला हवे होते. माझा संशय वाढला. एका भिंतीसाठी माणूस किती खाली उतरेल?

तर काल. या मृत्युपत्राच्या कच्च्या कागदात मी मागची खोली मुद्दाम मालकांच्या नावे लिहिली आणि कागद त्यांच्या हातात ठेवला. मला त्यांचा चेहरा बघायचा होता. कोणाची अशी परीक्षा घेऊ नये हे मला कळते. पण परीक्षा घेणे हाच माझा व्यवसाय आहे. दुपारची वेळ होती, खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या, फरशी नुकती पुसलेली. त्याच कागदात कलम ६ होते. ते आजही तसेच आहे आणि इथेच लिहिते, कारण त्यापासून पुढचे बोलणे झाले.

कलम ६. नगरपालिकेकडे निनावी तक्रार मी केली होती. दार हवे होते म्हणून केली, त्याचा मला पश्चात्ताप नाही. नाव घातले नाही आणि वर्षभर त्यांच्यासमोर नाचत राहिले, त्याचा आहे.

मालकांनी दोन्ही कलमे वाचली. मागच्या खोलीवरून त्यांची नजर अशी सरकली की जणू ती दुसऱ्याच कोणाची होती. सहाव्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे माहीत होतं."

"कसं?"

"नोटिशीला तक्रारीची नक्कल जोडली होती. पावतीशी लावून बघितली. तुझा ‘ळ’ शेपटीवर उभा असतो."

"म्हणजे मशीन त्यासाठी आणलं होतं!"

"पहिल्यांदा त्यासाठी."

"आणि नंतर? पट्टा कापलेला होता. मला कळतं तेवढं."

"तुटत नव्हता म्हणून कापला."

असल्या उत्तरावर काय म्हणायचे असते ते मला कोणी शिकवलेले नाही. म्हणून मी पुढचा प्रश्न विचारला. "आणि खिशातली मोजपट्टी?"

ते आपल्या खोलीकडे चालू लागले. मी मागोमाग गेले. त्यांच्या खोलीबाहेरच्या बोळात त्यांची खाट उभी करून ठेवलेली होती, गादी गुंडाळून वर. खोली रिकामी. बाहेरची भिंत फोडलेली, तिथे लोखंडी चौकट आणि गल्लीत उघडणारे नवे दार. विटांची लाल धूळ अजून कोपऱ्यात होती.

"त्या दिवशी लोहाराकडून येत होतो," ते म्हणाले. "चौकटीचं माप देऊन."

"तेव्हाच ठरवलं होतंत? मग माझ्या भिंतीकडे काय बघत होतात?"

"तुझ्याकडे बघितलं असतं तर तू विचारलं असतंस, काय बघताय." मग घसा खाकरून म्हणाले, "दाराचं तुझं बरोबर होतं. माणसं कोंडली असती. फक्त तोंडावर सांगायचंस."

"सांगितलं होतं. तुम्ही विचारलंत, कोणी पाठवलं."

"हं," ते म्हणाले. त्यांच्याकडून माफी इतकीच मिळते असे दिसते. "ते खोलीचं कलम खोडून टाक आता. मला नको. पण एक अडचण आहे. मी राहायचं कुठे?"

"हे भाड्याने खोली मागणं आहे, की दुसरं काही?"

"दुसरं काही."

"मग तसं विचारा."

"विचारलं की."

मी म्हणाले, "सोमवारनंतर सांगते." ते "बरं" म्हणाले, आणि दाराची कडी तीनदा उघडून-लावून पाहिली, जशी काही ती मघापासून कुरकुरत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "कागद पक्का करशील तेव्हा साक्षीला मी बसणार. ज्याला काही मिळतं त्याची साक्ष धरत नाहीत. वकिलाला विचारलंय मी. तेव्हा माझं नाव कुठेच घालू नकोस."

हे वाचणाऱ्याला वाटेल की आता तरी माझी खात्री पटली असेल. आज पहाटे उठल्यावर माझ्या मनात आले की दार नुसते दाखवण्यापुरते असेल तर? म्हणून शाळेआधी गल्लीतून जाऊन आले. मावशींना आतून ढकलायला सांगितले. ढकलताच दार पूर्ण उघडले. बाहेरून ते उघडत नाही. तसेच असायला हवे. मावशी दारातून डोके बाहेर काढून म्हणाल्या, "झाली का तपासणी? की माझंही अक्षर बघायचंय?"

तेव्हा दुकान आणि खोली आईला, कोणत्याही अटीशिवाय. आईने ती विकावी, भाड्याने द्यावी की तिथे नुसते बसून राहावे, हा तिचा प्रश्न. दादाने तिला सल्ला देऊ नये.

कलम ७. बँकेत जे असेल ते आईचे. या मृत्युपत्राची व्यवस्था पाहण्यासही मी आईलाच नेमते. तिला वाचता येते, पण सावकाश. ती वाचत असताना दादाने "दे इकडे, मी सांगतो" असे म्हणून कागद ओढू नये. तिला पाहिजे तितका वेळ लागू द्यावा.

कलम ८. काल मला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर "हो" असे आहे.

उत्तर ही मालमत्ता नाही असे मी धरून चालते, नाहीतर ज्यांना ते मिळते त्यांची साक्ष बाद होईल. वकिलांना मी हे विचारलेले नाही. ते हसतील अशी मला शंका आहे. ज्यांनी विचारले त्यांना हे कलम माहीत नाही. ते काल कच्च्या कागदात नव्हते, आज सकाळी गल्लीतून परत आल्यावर घातले. मी परत आले नाही, तर त्यांना ते इथे सापडेल. परत आले, तर हा कागद मी स्वतःच्या हाताने रद्द करीन, कलम ८ सोडून.

वर लिहिलेले सर्व माझे, माझ्या अक्षरात, समजून-उमजून लिहिलेले आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. पुन्हा करायची वेळ म्हातारपणी यावी अशी इच्छा आहे.

ठिकाण: दुकानाची मागची खोली
दिनांक: चौदा, गुरुवार, दुपारी साडेतीन

(सही) लिहून ठेवणारी

साक्षीदार पहिली: क्लबमध्ये सामान सांभाळणारी. तिने माझ्यासमोर सही केली, मी तिच्यासमोर केली. दोघींचे हात स्थिर होते. (सही)

साक्षीदार दुसरा: क्लबचा मालक. सही होताना पाहिली. आतलं काही वाचलेलं नाही. परत आल्यावर तिनेच वाचून दाखवायचं. (सही)