पट्टी बसेना

३० सप्टेंबर, मंगळवार
उघडला एकदाचा! कंप्युटर कंपनीने घरून कामासाठी दिलेला, झाकण काढायला सक्त मनाई, आणि माझी नोकरी अजून पक्की नाही. पण करू काय — दोन फाइली उघडल्या की जागचा हलत नाही, आणि साहेब म्हणतात मीच हळू. सासऱ्यांना, नानांना, सांगितलं की नवमीच्या पूजेसाठी पुसतेय. म्हणाले, “दुसऱ्याच्या मालाला जपून हात लाव, बकुळ.” रेल्वेत जन्म गेला त्यांचा. मेमरीची एकुलती एक पट्टी काढून पर्समध्ये ठेवली. नमुना म्हणून.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
सकाळीच दतिया गेटचा बाजार गाठला. दुकानदाराने दोन पट्ट्या शेजारी धरल्या. “देखिए दीदी, आपकी डीडीआर-थ्री है. फोर का कट अलग जगह होता है. जबरदस्ती मत करना.” लॅपटॉपची आखूड, तीही चालत नाही म्हणे. थ्रीच घेतली, दुप्पट मेमरीची.

घरी येईतो नानांची पूजा आटोपलेली. टेबलावर घराण्याची तलवार, शेजारी आडवा उघडा कंप्युटर. दोन्हींवर हळदकुंकू, अक्षता, झेंडू. मी घाईने पट्टी बसवली. एका बाजूची खिट्टी लागेना. दाबली. चालू केला तर घरभर नुसती पीप पीप, पडदा काळा.

जुनी लावून पाहिली. तीही नाही! बोर्डच जाळला मी.

२ ऑक्टोबर, दसरा
उद्या सकाळी कामावर बसायचं. पहिलं हेच विचारतील, उघडला होतात का? ही नोकरी गेली तर ह्या वयात, झाँसीत, मला दुसरी कोण देणार? जेवताना नानांनी श्रीखंडाला हातसुद्धा लावला नाही. मी काय करून बसले ते त्यांना कळलंय. त्यांची भीती वाटते.

३ ऑक्टोबर, सकाळ
शेवटचं म्हणून बॅटरी धरून खाचेत पाहिलं. तळाशी कुंकवाचा एक तांदूळ!

सुईने काढला. नवी पट्टी दाबली — दोन्ही खिट्ट्या लागल्या. चालू झाला! टेबलाशीच बसून रडले.

३ ऑक्टोबर, संध्याकाळ
नाना दाराशी घुटमळत होते. म्हणाले, “अक्षता मी टाकल्या. झाकण नव्हतं, ध्यानात आलं नाही. तुझी नोकरी जाईल माझ्यापायी... दोन दिवस तुझ्यासमोर यायची भीती वाटत होती.”

माझी भीती! नानांना!

तांदूळ पदराच्या टोकाला बांधलेला होता. म्हटलं, “छे हो नाना, पट्टीच चुकीची आणली होती मी.” आणि श्रीखंड वाढलं.