किरकोळ लाकूड, नग एकतीस

ऑल्डरक्लफ, लँकेशर
३ जुलै

आदरणीय क्लिफर्ड मामा यांस,

डेस्मंडचा नमस्कार. पत्रात आधी क्षेमकुशल विचारावं हे मला कळतं, पण आज आधी एक यादी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं अक्षर सरळ येईल. आपल्या गावच्या वाचनालयात मी या दोन हातांनी केलेल्या वस्तू: ओकची कपाटं एकतीस (सात फूट उंच, तीन फूट रुंद, एकाही सांध्यात खिळा नाही). खिडकीतलं बाकडं एक. वरच्या फळीला पोचणारी शिडी एक. लहान मुलांना चढायची पायरी एक, कोपरे घासून गोल केलेली. सूचनापेटी एक (तेरा वर्षांत सूचना सात, त्यातल्या पाच माझ्या). शिवाय मतदानाच्या दिवशी उभे करायचे लाकडी आडोसे तीन. मजुरी घेतली नाही, लाकडाचे पैसे तेवढे घेतले, तेही पावतीप्रमाणे. प्रत्येक वस्तूच्या खालच्या अंगाला 'डे. ऑ.' आणि साल. मोठ्या कौन्सिलने काढलेल्या विक्रीच्या कागदावर यातल्या कपाटांची नोंद अशी आहे: 'किरकोळ लाकूड, नग ३१.' साधा 'ओक' हा शब्द लिहायला त्यांची शाई संपली होती.

असो. तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? विनी मामींचं कमरेचं ऑपरेशन ऑक्टोबरवर ढकललं हे कळलं. (त्यांना सांगा, मी धाडलेली काठी वापरा, दुकानातली नको. दुकानातल्या काठीची मूठ बोटांचा विचार करून केलेली नसते.) तुमच्या मोरकॅमला समुद्राची हवा आहे, आमच्याकडे नुसती हवा आहे, आणि तीही ओली. माझी तब्येत उत्तम. झोप येत नाही, तो भाग वेगळा.

तुम्ही फोनवर विचारलंत की निवडणुकीचं काय झालं, आणि मी म्हणालो, चहा उतू चाललाय. मामा, आमच्याकडे चहा किटलीत होतो, तो उतू जात नाही. खोटं बोललो त्याची माफी असावी. आता खरं सांगतो, पण क्रमाने, कारण क्रम सोडला की माणूस स्वतःच्या सोयीचं सांगायला लागतो.

मूळ दुखणं मोठ्या, म्हणजे जिल्ह्याच्या कौन्सिलचं. सहा वर्षांपूर्वी तिथल्या हुशार माणसांनी कर्ज काढून इथून दोनशे मैलांवर एक व्यापारी संकुल विकत घेतलं. भाडं येईल, त्यातून आपले रस्ते होतील, म्हातारे सांभाळले जातील, असा हिशोब. संकुलात दोन सरकते जिने आहेत. मी स्वतः बसने जाऊन पाहून आलो. एक बंद होता आणि दुसऱ्यावर कबुतर वर चाललं होतं. आज कर्ज एकोणीस कोटी पाउंड आहे आणि त्याचं वर्षाचं व्याज साडेपंच्याऐंशी लाख. आपल्या वाचनालयाचा वर्षाचा सगळा खर्च अडतीस हजार. म्हणजे एक दिवस, चौदा तास आणि छप्पन्न मिनिटांचं व्याज. (तीनदा पडताळलंय.) एवढ्यासाठी त्यांनी वाचनालय तीस जूननंतर बंद करायचं ठरवलं. जळतं घर वाचवायला कुणी दारावरची घंटा विकावी, तसला प्रकार.

आता, गावची धाकटी कौन्सिल मनात आणती तर वाचनालय स्वतःकडे घेऊ शकत होती. एरवी ती काय करते? बाकं रंगवते, कुंड्यांत फुलं लावते आणि कुंड्या कुणी उलटवल्या यावर दोन-दोन तास बोलते. पण तिला घरपट्टीत स्वतःची थोडी पट्टी लावता येते. मी हिशोब मांडला: गावात घरं चार हजार दोनशे बावीस. घरटी वर्षाला नऊ पाउंड वाढवले की सदतीस हजार नऊशे अठ्ठ्याण्णव होतात. दोन पाउंड कमी पडत होते, ते मी खिशातून घालणार होतो, तसं पत्रकात छापलंही. कौन्सिलमध्ये चार जण या बाजूचे, चार त्या बाजूचे आणि नववी खुर्ची रिकामी, कारण बिचारे बार्टल आजोबा ईस्टरच्या आधी वारले. त्या खुर्चीवर जो बसेल त्याच्या एका मतावर वाचनालय. म्हणून मी उभा राहिलो. पक्ष नाही, पाठिंबा नाही. पत्रक स्वतः लिहिलं, स्वतः छापलं, स्वतः वाटलं. चार पानी होतं, तळटिपांसकट.

समोर थेल्मा बिकरस्टाफ. बाजारातली बेकरी त्यांचीच, हे तुम्हाला आठवत असेल. बाई वाईट नाहीत. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, अर्ज मागे घ्यायची मुदत होती तेव्हा, त्या घरच्या आल्याच्या केकचा डबा घेऊन माझ्या कारखान्यात येऊनही गेल्या होत्या. (त्याबद्दल इथे लिहीत नाही.) प्रचारात त्यांचं एकच वाक्य: "घरपट्टी एका पेनीनेही वाढणार नाही." माझी चार पानं एका बाजूला आणि ते वाक्य दुसऱ्या बाजूला. दारोदार गेलो की लोक म्हणायचे, "डेस्मंड, वाचलं हं तुझं." कुठपर्यंत वाचलं, असं विचारलं की कुत्र्याला आत ओढायचे.

मतदान वाचनालयातच होतं. तुम्ही मला नवव्या वर्षी हाताला धरून नेलंत तीच खोली. माझं कार्ड व्हायला वय कमी पडत होतं, तर तुम्ही तुमच्या कार्डावर घड्याळदुरुस्तीचं पुस्तक काढून दिलंत. पंधराव्या वर्षी शाळा सुटली, पण सुतारकाम, घड्याळं, जमाखर्च, निवडणुकीचा कायदा, सगळं मला त्या खोलीने शिकवलं. ग्लेनिस, तिथली ग्रंथपाल, माझ्या पुस्तकात खुणेचा कागद आधीच घालून ठेवायची. अशा खोलीत, मी केलेल्या आडोशात, मी माझं मत द्यायला उभा राहिलो. पेन्सिल बोथट होती, ती खिशातल्या चाकूने तासली. माझ्या नावापुढे फुली मारली. फुली अशी की कोनमापक लावून पाहावा. मग आडोशाची फळी हाताला लागली, खालून बोट फिरवून पाहिलं, तर माझी अक्षरं जिथल्या तिथे: 'डे. ऑ., २००३.' वीस वर्षांत सांधा केसभर हललेला नव्हता. ऊर भरून आला, मामा. काम नीट झालं की पेन्सिलीने खाली सही करायची, ही हाताला चाळीस वर्षांची सवय. त्यापुढे काय झालं ते मला त्या क्षणी कळलंच नाही.

कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी, टाउन हॉलमध्ये, मोजणीच्या वेळी. निवडणूक अधिकारी पार्जेटर म्हणजे तोंडात बिस्किट विरघळू देणारा, चावून न खाणारा माणूस. संशयास्पद मतपत्रिका ते दोन्ही उमेदवारांना दाखवत होते. पहिली आली ती थेल्माबाईंच्या बाजूची, पण खाली लिहिलेलं: 'शाबास थेल्मा, तुझी मेव्हिस मावशी.' पार्जेटर म्हणाले, "मतदाराचा हेतू तर स्वच्छ आहे. चालवून घेऊ या का?" मी उठून उभा राहिलो. म्हटलं, हेतूचा प्रश्नच नाही. मतदार ओळखू येईल असं काहीही पत्रिकेवर लिहिलेलं असेल तर ती बाद, हा नियम आहे, आणि नियम मावशीलाही लागू होतो. कलम तोंडपाठ म्हणून दाखवलं. दोन्ही उपकलमांसकट. पत्रिका बाद झाली. थेल्माबाई एवढंच म्हणाल्या, "ऐंशी वर्षांची आहे रे ती."

पुढची पत्रिका पार्जेटरनी टेबलावर ठेवली आणि चष्मा काढला. फुली नव्वद अंशांत. खाली, सुबक अक्षरात: 'डे. ऑ.' आणि तारीख.

थेल्माबाई पुढे वाकल्या आणि म्हणाल्या, "काम सुरेख केलंयस हं, राजा."

हसू फुटलं ते मोजणाऱ्या मुलींपासून थेट दाराशी बसलेल्या पहारेकऱ्यापर्यंत गेलं. पार्जेटर म्हणाले, "मिस्टर ऑर्मरॉड, तुमचं काय मत आहे?" मामा, पाच मिनिटांपूर्वी ज्या तोंडाने कलम म्हटलं होतं त्याच तोंडाने काय बोलणार? थेल्माबाई हळूच म्हणाल्या, "मावशीची पण घ्या, ह्याची पण घ्या, फिटंफाट." पार्जेटरनीही माझ्याकडे आशेने पाहिलं. मी म्हटलं, बाद. (फिटंफाट हा शब्द नियमात नाही.)

निकाल: बिकरस्टाफ तीनशे सतरा, ऑर्मरॉड तीनशे सतरा.

माझं एक मत असतं तर काय, हे लिहीत नाही, तुम्हाला बेरीज येते.

समान मतं पडली की आपल्याकडे चिठ्ठी टाकतात. पार्जेटरनी दोन चिठ्ठ्या लिहिल्या, घडी घातली आणि स्वतःच्या लोकरी टोपीत टाकून एक उचललीही. मी हरकत घेतली. टोपी मऊ, तिच्यात चिठ्ठ्या एका बाजूला सरकतात, आणि दोन घड्यांपैकी एक उघडउघड मोठी होती. पार्जेटरनी उचललेली चिठ्ठी न उघडता परत टाकली, नव्याने घड्या घातल्या आणि माझ्याच आग्रहाने माझीच सूचनापेटी वाचनालयातून मागवली. पेटीतून निघालं थेल्माबाईंचं नाव. टोपीतल्या पहिल्या चिठ्ठीच्या घडीतून एक अक्षर डोकावत होतं, आणि ग्लेनिस अगदी शेजारी उभी होती. ती मला सांगत नाही. मीही विचारत नाही. पण त्या दिवसापासून ती माझ्याशी फार गोड वागते, आणि तेच मला सोसत नाही.

जूनमध्ये धाकट्या कौन्सिलची बैठक झाली. वाचनालय घ्यावं या बाजूने चार, नको म्हणून पाच. हात वर करताना थेल्माबाईंनी माझ्याकडे पाहिलं. बाहेर जिन्यावर गाठून म्हणाल्या, "मी लोकांना शब्द दिला होता, डेस्मंड. तो का द्यावा लागला, हे तुला ठाऊक आहे." मी म्हटलं, छत्री विसरलीय तुमची. ती आणून दिली.

तीस तारखेला शेवटचा दिवस. ग्लेनिसने सगळ्यांना चहा दिला. मुलांनी जितकी पेलतील तितकी पुस्तकं घरी नेली. मी शिडीवर चढून वरच्या फळ्या पुसल्या, कशासाठी ते विचारू नका. पाच वाजता तिने दिवे मालवले, किल्ली मोठ्या कौन्सिलच्या तरुण साहेबाच्या हातात दिली आणि त्याने कागदावर तिची सही घेतली. जागा घेणारा माणूस तिथे कुत्र्यांचे केस कापायचं दुकान काढतोय. त्याला कपाटं नकोत. कुत्रे वाचत नाहीत, असं तो म्हणाला.

विनी मामींना माझा नमस्कार. गुडघ्याला ऊब द्या.

तुमचा भाचा,
डेस्मंड ऑर्मरॉड

ता. क. पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलं. 'किरकोळ लाकूड, नग ३१' मी चाळीस पाउंडांना विकत घेतलं. माझ्या कारखान्यात नऊ मावतात. तुमच्या गॅरेजची आतली मापं माझ्याकडे आहेत (गेल्या नाताळात सगळे जेवणानंतर पेंगत होते तेव्हा घेतली होती). उरलेली बावीस तिथे चार ओळींत अचूक बसतात, मधे माणूस आडवा होऊन जाऊ शकतो. गाडी बाहेर ठेवावी लागेल. गाडीला पावसाने काही होत नाही, ओक फुगतो. शनिवारी ट्रक घेऊन येतो. नाही म्हणायचं असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा, पण म्हणू नका.

ता. क. २. वर थेल्माबाईंना दोष दिल्यासारखं झालं असेल तर तसं समजू नये. कपाटं बाहेर काढताना त्यांनीच बेकरीतली चार पोरं पाठवली आणि वर सगळ्यांना गरम बन. मला दिलेला बन मी खाल्ला नाही. नंतर खाल्ला.

ता. क. ३. एप्रिलमधल्या त्या केकच्या डब्याबद्दल लिहिणार नव्हतो, पण तुम्ही मला तुमच्या कार्डावर पुस्तक दिलं होतंत, तुमच्यापासून लपवणं बरं नाही. बाई माझ्या कामाच्या टेबलावर डबा ठेवून म्हणाल्या होत्या, "हे बघ राजा, लढत झाली की मला काहीतरी शब्द द्यावा लागणार, आणि लोकांना शब्द एकच हवा असतो. तू अर्ज मागे घे. मी बिनविरोध आले की मला कुणी काही विचारणार नाही. पहिल्याच बैठकीत लायब्ररीच्या बाजूने हात वर करते. पाच दिवस नाही जमणार, तीन दिवस उघडी ठेवू." मी त्यांना पत्रकाचं तिसरं पान दाखवलं, जिथे पाच दिवस लिहिलं होतं, आणि डबा परत दिला. त्यांनी आकडाही काढून आणला होता, पिठाच्या पिशवीवर, पेन्सिलीने, आणि तो बरोबर होता: घरटी, वर्षाला, पाच पाउंड चाळीस पेन्स.