फुटबॉलात होते म्हणजे काय

चौथीतून माझं नाव काढलंत, त्याचं खरं कारण तुम्ही कधी सांगितलं नाहीत. मीही इतकी वर्षं मागितलं नाही, ती माझी चूक. आता मागते. बाबा, तुमची मुलगी लिहितेय, अमेरिकेतून, एडिसनला लेकीच्या घरी बसून. अक्षराला नावं ठेवू नका, ते चौथीतच थांबलंय.

माझी नात इथे इतिहासात पीएचडी करते. विषय काय, तर राणीच्या राज्यात आपल्या गावच्या छावणीत गोऱ्यांनी काढलेला फुटबॉलचा क्लब. दोन हिवाळे चालला आणि मोडला. एवढ्याशावर कोण पुस्तक लिहितं? पण खूळ मीच घातलं होतं. लहानपणी तिला भरवताना सांगायचे, माझे पणजोबा गोऱ्यांबरोबर खेळायचे. आता त्या क्लबाच्या मीटिंगांची वही तिला कॉम्प्युटरवर सापडली. अकरा नावं, अकराही साहेब.

"आज्जी, ही वॉज अ प्लेयर, राइट?" काल तिने फोन माझ्या तोंडापुढे धरला. "रेकॉर्ड करतेय. येस ऑर नो सांग. मी हे थीसिसमध्ये टाकणार. खोटं निघालं तर माझं सगळं काम जाईल."

"आधी वहीत काय आहे ते वाच," मी म्हटलं.

तिने वाचलं. क्लबाचा एक मोची होता. उसवलेला चेंडू तो मैदानाच्या कडेला बसून शिवायचा. एकदा शिवून झाल्यावर, टाका धरतोय का बघायला, त्याने सगळ्या साहेबांदेखत चेंडूला लाथ मारली. त्याला हाकलला. नवा चेंडू विलायतेहून मागवला, तो आलाच नाही. जुना पुन्हा उसवला, शिवायला कोणी नव्हतं. संपला क्लब. मोच्याचं नाव लिहिलेलं नाही.

नात हसली. मला हसू आलं नाही, मला ती दुपार आठवली. सुट्टीचा दिवस आहे, माझ्या चपलेचा अंगठा तुटलाय, आई म्हणतेय नाक्यावर शिवून आणा. तुम्ही स्वयंपाकघराची खिडकी लावून घेता, ट्रंकेच्या तळातून फडक्यात गुंडाळलेली आरी काढता, दोऱ्याला मेण लावता आणि बघता बघता टाके घालून मोकळे होता. कचेरीतला कारकून, आणि हात असा! मी विचारलं, हे कुठं शिकलात? "आमचे आजोबा फुटबॉलात होते," म्हणालात. बस. फुटबॉलात होते. 'खेळायचे' असं तुम्ही उभ्या जन्मात म्हणाला नाहीत, ते मी माझ्या पदरचं जोडलं. पण एवढं तोलून कोण बोलतं? आणि खिडकी का लावलीत?

मग शाळेचं. नवे गुरुजी आले, ते आपल्या गावचे निघाले. "कुणाची गं तू?" त्यांनी विचारलं. मी घरी येऊन हौसेने सांगितलं. सोमवारपासून माझी शाळा बंद. मी रडून गोंधळ घातला तेव्हा तुम्ही पेपरमागे होतात, आणि आतून आई बोलली, "मुलीची जात. शिकून काय करायचंय?" गावच्या काकांचं आडनाव आपल्याहून वेगळं कसं, असं तुम्हाला विचारलं होतं, तेव्हाही उत्तर तिनेच दिलं होतं: "गावाकडे असंच असतं." मी जन्मभर मुलगी झाल्याचा राग केला. आता संशय येतो, ती कुठली जात म्हणत होती?

आज नातीला सांगितलं, "खेळाडू लिहू नकोस. आमचे पणजोबा चेंडू शिवायचे, असं लिही. लाथ मारली तेही लिही."

"आर यू शुअर, आज्जी?"

"नाही. तेही लिही."

आरी माझ्याकडे आहे. इथे ओक ट्री रोडवर साडीपासून मोदकाच्या साच्यापर्यंत सगळं मिळतं, शिवून देणारा मिळत नाही. तुटलं की फेकतात. गेल्या महिन्यात नातीच्या बॅगेचा पट्टा मीच शिवला. चांगला शिवला. फक्त शिवायला बसण्याआधी मी उठून खोलीचं दार लावून घेतलं होतं. का, ते मला सांगता येत नाही.

हा कागद आरीच्या फडक्यातच ठेवते, टाकायचा कुठल्या पेटीत? पण उत्तर तुम्ही द्यायचं. आईला पुढे करायचं नाही.